तुरळक ठिकाणी

सकाळी चहा उकळत होता आणि फोन थरथरला. यवतमाळ जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह जोरदार पावसाची शक्यता. मागोमाग तोच इशारा दुसऱ्या एका गटावर आला, एका स्थानिक पुढाऱ्याच्या हात जोडलेल्या फोटोसकट. फोटो मोठा, इशारा त्यांच्या कोपराखाली बारीक अक्षरात. पाऊस जणू त्यांच्याच पाठपुराव्यामुळे मंजूर झाला होता.

खिडकीबाहेर स्वच्छ ऊन. समोरच्या घरी गच्चीवर गोधड्या वाळत घातलेल्या. आणि मला आज युरियाचा एक ट्रक झरी जामणीला पाठवायचा आहे.

‘तुरळक ठिकाणी’ या दोन शब्दांवर मी जेवढा विचार केला आहे, तेवढा मराठीत एम. ए. करताना कुठल्याही कवितेवर केला नव्हता. या शब्दांची गंमत अशी की त्या ठिकाणी राहणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. नेरचा माणूस इशारा वाचतो आणि म्हणतो, पुसदकडे पडेल. पुसदचा म्हणतो, वणीकडे. आपला जिल्हाही असा ऐसपैस की नेर अमरावतीला टेकलेलं आणि झरी जामणी तेलंगणाला. नेरला छत्री उघडावी लागते तेव्हा झरीत माणसं पंख्याखाली बसलेली असतात. संदेशात मात्र दोघांचं नाव एकच: यवतमाळ.

आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस पांढरकवडा रोडवर आहे. वडिलांनी सुरू केलं, मी चालवते. ऑगस्टमध्ये त्याला एक खास वास असतो. ओल्या ताडपत्रीचा, डिझेलचा आणि कडुनिंबाचा लेप दिलेल्या युरियाचा कडवट वास. तो ओढणीत बसतो आणि दिवाळीपर्यंत निघत नाही. हवा दमट झाली की पोत्यातला युरिया ढेकूळ धरतो. भिजला तर बोलायलाच नको. वडिलांच्या काळी हवामानाचा अंदाज एकच होता: पडेल. म्हणून ते जूनपासून दसऱ्यापर्यंत प्रत्येक गाडीला दोन ताडपत्र्या बांधायला लावायचे, मग गाडीत फरशी असो की रेती. त्यांचा अंदाज कधी चुकला नाही, पण त्यातून कुठली गाडी कधी सोडायची हेही कधी कळलं नाही.

मी फोनवर बघून गाड्या लावते. उद्या दुपारनंतर पाऊस असेल तर सकाळी आधी खत, मग सिमेंट. घाटात रात्री धुकं असेल तर गाडी संध्याकाळी सोडायची नाही. हिवाळ्यात अवकाळीची चाहूल लागली की जिनिंगवाल्यांना फोन करून सांगायचं, की कापूस भरू नका, माझी गाडी येणार नाही. ते चिडतात. पण पिवळा पडलेला कापूस बघून जास्त चिडतात. यात काही विद्वत्ता नाही. ज्यांनी दिवसभर आकाशाचे फोटो काढून आकडेमोड केली त्यांचं काम आपण चहा पिता पिता वाचायचं, एवढंच. तरी लोकांना ते जोखमीचं वाटतं. शक्यता हा शब्दच आपल्याकडे कुणाला आवडत नाही. हो सांगा नाहीतर नाही सांगा. चाळीस टक्के पाऊस म्हणजे काय, गुडघ्यापर्यंत भिजायचं का, असं मला एका दुकानदाराने गंभीरपणे विचारलं आहे.

पांढरकवड्याच्या पुढच्या डोंगराळ भागात एका गावी स्वयंचलित हवामान केंद्र बसवलं तेव्हा मी उद्घाटनाला हजर होते. मंडपाचं सामान आमच्या गाडीतून गेलं होतं, म्हणून आमंत्रण. उंच खांब, त्यावर वारा मोजणाऱ्या तीन वाट्या, शेजारी पाऊस मोजायचं नळकांडं. कुणाला तरी वाटलं की फीत खांबालाच बांधावी. ती वाट्यांत अडकली. पाहुणे उशिरा आले आणि ते येईपर्यंत त्या भागात अधिकृतरीत्या वारा नव्हता. मग नारळ फुटला, नळकांड्याला हळदकुंकू लागलं, झेंडूच्या पाकळ्यांची पहिली वृष्टी त्यात झाली. भाषणात पाहुणे म्हणाले की आता निसर्गही आपल्या नियोजनाबाहेर जाणार नाही. टाळ्या वाजल्या. मागच्या बाजूला एक गाय खांबाला अंग घासत होती. नियोजनात तिचा विचार झालेला नव्हता.

मी हसले खूप. पण घरी येऊन त्या केंद्राचे आकडे फोनवर दिसतात का, ते शोधलं. दिसत होते.

झरीच्या आमच्या वाटेवर एक नाला आहे. त्यावर रपटा, म्हणजे नाल्याच्या तळाला बिलगून बांधलेला सिमेंटचा रस्ता. पाणी कमी असलं तर ते रपट्याच्या पोटातल्या नळ्यांतून जातं, जास्त असलं तर वरून. दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल. पावसाळ्यात सागाला पांढरट मोहोर येतो आणि त्या थाळ्याएवढ्या पानांवर सर आली की सभागृहात टाळ्या वाजल्यासारखा आवाज होतो. रस्ता अरुंद. डांबराच्या कडेला काळी माती, तीही फुगलेली. चाक खाली उतरलं तर जेसीबी येईपर्यंत तिथेच मुक्काम. त्यामुळे रपट्याशी जी गाडी पहिली उभी राहते, तिच्या मागे सगळे. ती गेली तरच बाकीचे जाणार.

या नाल्यावर पूल होणार आहे. त्याची कोनशिला झाली आहे. रपट्याच्या अलीकडे, उताराला, पक्क्या चौथऱ्यात काळा गुळगुळीत दगड बसवला आहे. सगळ्यात वर सोनेरी अक्षरांत शुभहस्ते. त्याखाली अध्यक्ष. त्याखाली प्रमुख उपस्थिती, ती बरीच आहे. आणि तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, कंत्राटदार. पूल सोडून सगळं झालेलं आहे.

हा दगड निरुपयोगी आहे असं मात्र कुणी म्हणू नये. ड्रायव्हर लोकांनी त्याची पट्टी केली. पाणी कंत्राटदाराच्या नावाखाली असलं, तर रपट्यावरून गाडी जाते. कंत्राटदार भिजला की थांबायचं. उपस्थिती बुडाली की चूल मांडायची. रस्त्यावरच्या ढाब्यात लोक एकमेकांना सरळ विचारतात, “कंत्राटदार कसा हाय?” आणि समोरचा सांगतो, “कोरडा हाय, जाऊ द्या.” त्या वाटेवरचं सगळं दळणवळण कित्येक पावसाळे या एका शासकीय कार्यक्रमावर चाललं. एवढा टिकाऊ कार्यक्रम मी दुसरा पाहिला नाही.

आता काही वर्षांपूर्वीच्या त्या ऑगस्टकडे येते. दरवर्षी असा इशारा आला, की मी त्याच्याकडे येतेच.

शालिकभाऊ आमचे जुने ड्रायव्हर. नेरचे. गोटीबंद माणूस, मिशीत हसणारा. हवामानाच्या अंदाजावर त्यांचा विश्वास नव्हता आणि ती चूक माझीच म्हणायची, कारण त्यांना मी दोनदा फुकट थांबवलं होतं. एकदा ऑरेंज अलर्ट आला म्हणून सगळ्या गाड्या यार्डात उभ्या केल्या. दिवसभर असं ऊन पडलं की ताडपत्र्या हाताला चटके देत होत्या. शालिकभाऊंनी यार्डाच्या मधोमध खुर्ची टाकली, छत्री उघडली आणि तिच्याखाली बसून सबंध दुपार चहा प्यायले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की ताईंनी सांगितलं, पाऊस चालू हाय. दुसऱ्या वेळी त्या डोंगरातल्या हवामान केंद्राने एकाएकी मोठा पाऊस दाखवला. मी गाडी परत बोलावली. नंतर कळलं की गावातल्या कुणीतरी नळकांड्यात बादली ओतून पाहिली होती, यंत्र चालतं का म्हणून. यंत्र चालत होतं.

तर त्या दिवशी शालिकभाऊ युरिया घेऊन पहाटेच झरीकडे निघाले होते. सकाळचा अंदाज हलक्या सरींचा होता. तिकडे कपाशीला पात्या, म्हणजे कळ्या, लागलेल्या, दोन दिवसांची उघडीप मिळाली होती, खत द्यायची हीच वेळ. झरीचे कृषी केंद्रवाले मारोतराव आदल्या दिवसापासून फोन करत होते. दुकानासमोर माणसांची रांग आहे, गाडी कुठवर आली. मी म्हटलं, निघाली.

दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि संदेश आला. या वेळी जिल्ह्याचं नाव नव्हतं, तालुक्यांची नावं होती. पुढच्या काही तासांत मुसळधार. रडारच्या चित्रात त्या नाल्याच्या वरच्या अंगाला, जिथे तो डोंगरातून निघतो, तिथे लाल ठिपका होता. मी तिथल्याच त्या हवामान केंद्राचा आकडा उघडला. चढत होता. पुन्हा उघडला, आणखी चढला. बादली एवढी मोठी नसते, असं मी स्वतःला सांगितलं. मग वाटलं, दोन बादल्या असतील तर.

शालिकभाऊंना फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. त्या पट्ट्यात नेटवर्क एकाच ठिकाणी येतं, रपट्याच्या अलीकडच्या चढावर, एका मोहाच्या झाडाखाली. तिथून कुणी आपणहून फोन केला तरच बोलणं होणार. डबा तसाच राहिला. भाजीवरचं तेल थिजलं तरी मी फोनकडेच बघत होते.

त्यांचा फोन आला तो खुशीत. सकाळच्या सरीने नाल्याला पाणी आलं होतं, म्हणून ते रपट्याशी थांबले होते. पहिली गाडी त्यांचीच. मागे एसटी, दोन जीप, एक ट्रॅक्टर. आता पाणी उतरलं होतं, कंत्राटदार उघडा पडला होता, ऊन चमकत होतं. निघतो म्हणून सांगायला ते झाडापर्यंत चालत आले होते.

“निघू नका,” मी म्हणाले. “वर डोंगरात जोराचा पाऊस चालू आहे.”

“इथं तं आभाळ कोरडं हाय जी.”

“इथलं नाही, वरचं सांगतेय. ते पाणी खाली यायचं आहे अजून.”

“ताई, दगड कोरडा हाय. मी हात लावून पाह्यला.”

“दगडावर आलेलं पाणी दिसतं. येणारं दिसत नाही.”

मागे कुठेतरी हॉर्न वाजत होता.

“मागच्या दोन्ही वेळेस ऊन पडलतं,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“मागं बाया हाय एसटीत. लोकं कावले. मी थांबलो तं सगळेच थांबते. अन् पाणी नाही आलं तं मले काय म्हणतीन?”

“माझं नाव सांगा. गाडी बंद करा आणि चावी खिशात टाका.”

“अन् या वेळेसबी नाही आलं तं पुढच्या वेळेस मी तुमचं ऐकणार नाही. आताच सांगून ठेवतो.”

“नका ऐकू. आज ऐका.”

“बघतो,” असं म्हणाले आणि फोन तुटला.

बघतो. ड्रायव्हर लोकांच्या तोंडी या शब्दाचा अर्थ हो असतो, नाही असतो आणि बहुतेक वेळा विषय बदला असा असतो. मी पुन्हा फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. म्हणजे ते झाडाखालून निघाले होते, उतार उतरत होते, गाडीकडे. तिथून पुढे मला काहीच करता येणार नव्हतं.

वाट बघण्याचे पुष्कळ प्रकार पुस्तकांतून वाचले आहेत. प्रियकराची, पत्राची, मरणाची. पण ऊन पडलेलं असताना पाण्याची वाट बघणं मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं. यवतमाळचं आकाश निळंभोर होतं. रस्त्यावरून एक ऑटोवाला गाणं लावून गेला. मारोतरावांचा फोन आला, मी सांगितलं, गाडी रपट्याशी थांबवली आहे. का म्हणून विचारलं. पाऊस म्हटलं. ते खिडकीपाशी गेले असावेत, कारण मग शांतपणे म्हणाले, “मॅडम, इथं माणसं सावलीसाठी भांडून राह्यली. तुम्ही कोणत्या गावच्या पावसाचं बोलता?”

तुरळक गावच्या, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही.

तेवढ्यात आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. शालिकभाऊ थांबले असतील तर पाणी यावं असं मला वाटत होतं, नाहीतर माझा शब्द पुन्हा कधी चालणार नव्हता. आणि ते निघाले असतील तर पाणी येऊ नये असं वाटत होतं, कारण मग ते, एसटीतल्या बाया, मागची सगळी रांग त्या रपट्यावर होती. दोन्ही एकाच मनाला, एकाच वेळी. अंदाज खरा ठरावा अशी इच्छा धरणं म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावर संकट मागणं, हे मला तोवर कळलं नव्हतं. हवामान खात्यातली माणसं रोज कशी झोपत असतील कोण जाणे. केंद्राचा आकडा आता चढायचा थांबला होता. पडायचं ते पडून गेलं होतं. ते नाल्यात उतरलं होतं आणि वाटेत होतं, एवढंच.

तिकडे काय झालं ते शालिकभाऊंनी नंतर, जमेल तसं, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. ते गाडीत बसले, चावी लावली. मागून हॉर्न सुरू झाले. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, चावी काढली आणि खाली उतरले. कंडक्टर आला. त्याने आधी समजावलं, मग विचारलं की रस्ता तुझ्या आजोबांनी बांधला का. शालिकभाऊ म्हणाले, मालकीणबाईने मोबाइलवर पाह्यलं, पाणी येणार हाय. यावर रांगेतली सगळी माणसं हसली. एका जीपवाल्याने मोबाइलवर नवरी पण पाहून दे म्हटलं. एसटीतली एक बाई खाली उतरून पार दगडापर्यंत गेली, कंत्राटदाराच्या नावावरून पदर फिरवला आणि कोरडा पदर सगळ्यांना दाखवला. कोर्टात पुरावा दाखवावा तसा. ट्रॅक्टरवाल्याने काळ्या मातीतून बाजूने काढायचा प्रयत्न केला, पुढचं चाक रुतलं, मग तोही शिव्या द्यायला मोकळा झाला. “मले इतक्या शिव्या आयुष्यात पडल्या नाही जी,” शालिकभाऊ म्हणाले. “लग्नातबी नाही.” मग कंडक्टर म्हणाला की चावी दे, मी काढतो गाडी. शालिकभाऊंनी मूठ आवळून धरली. ढकलाढकली सुरू होणार होती.

आणि सागाच्या जंगलातून टाळ्यांसारखा आवाज आला. पाऊस नव्हता. पानही हलत नव्हतं.

इकडे माझा फोन वाजला. मी उचलला. पलीकडे सुरुवातीला माणसाचा आवाजच नव्हता. जिनिंगमधली सगळी यंत्रं एकदम सुरू केल्यावर येतो तसा घोंघाट होता.

“ताई.”

“बोला.”

“कंत्राटदार गेला. मंग उपस्थिती गेली. पाहता पाहता अध्यक्ष गेले.” त्यांनी दम घेतला. “आता शुभहस्तेबी बुडाले जी.”

“तुम्ही कुठे आहात?”

“मोहाखाली. गाडी मागं घेतली. सगळ्यायच्या मागं घेतल्या. ट्रॅक्टर ओढून काढला सगळ्यायनं मिळून. माणूस एकबी पलीकडं नाही गेला.”

मी म्हणाले, जेवलात का. ते म्हणाले की कंडक्टरने खर्रा दिला आहे, अर्धा. विदर्भात माणूस सहजासहजी आपल्या पुडीतला सुपारी-तंबाखूचा अर्धा खर्रा देत नाही. एवढ्यावर मी समजले की त्यांचं तिथे सगळं मिटलं. एसटीतली ती पदरवाली बाई बराच वेळ पाण्याकडे बघत बसली होती, हे त्यांनी नंतर सांगितलं. ऊन तेवढंच होतं म्हणे. उन्हात ते गढूळ पाणी चमकत होतं आणि त्यातून सागाचं एक अखंड खोड गेलं, रपट्याच्या बरोबर मधून, ट्रकच्या केबिनच्या उंचीवरून.

मारोतरावांना फोन केला. नाल्याला पूर आल्याचं सांगितलं. ते म्हणाले, पुराचं ठीक आहे, पण युरिया केव्हा येते. मला फार बरं वाटलं. जग जागेवर होतं.

पूल अजून व्हायचा आहे. दगड आहे, सोनेरी अक्षरांत थोडी माती बसली आहे, त्याने नावं उलट ठळक झाली आहेत. ड्रायव्हर लोक अजून त्याच्याकडे बघतात. मीही म्हणते, बघावं. आलेल्या पाण्यासाठी दगड चांगला आहे.

सकाळचा चहा संपवून आज ऑफिसला आले तेव्हा शालिकभाऊ टपावर उभे राहून ताडपत्री ओढत होते. आता मिशी पांढरी झाली आहे. ऊन एवढं लख्ख होतं की डोळ्यांवर हात धरून वर बघावं लागलं. पूर्वी ते आभाळ बघायचे. आता माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं.

“ताई, वर काय म्हणते?”

“तुरळक ठिकाणी,” मी म्हणाले.

त्यांनी दोरीची गाठ आवळली, मग दुसरी ताडपत्री खालून वर द्यायला सांगितली.

“मंग ते ठिकाण आपलंच धरतो,” ते म्हणाले. “आज रपटा सोडून वणीवरून फेऱ्यानं जातो. मारोतरावले सांगा, रात होईन.”